खोडरबरांचा डबा

"खोडरबर इकडं, बाप्पा. शाळा सुटली की घेऊन जा."

पहिल्या तासाची घंटा झाली की आमचे गणिताचे सर पाचवीच्या दारात उभे राहायचे. एका हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि दुसरा हात पुढे पसरलेला, प्रसाद मागावा तसा. मुलं रांगेनं यायची आणि आपापलं खोडरबर त्या हातावर ठेवायची. वासाची, कलिंगडाच्या फोडीसारखी, पेन्सिलीच्या शेंड्यावरची दातानं तोडून काढलेली. शाळा सुटताना ज्याचं त्याला परत मिळायचं. कोणतं कोणाचं यावरून एकदाही भांडण झालेलं मी ऐकलं नाही. त्यांना सगळी ठाऊक असायची.

पुण्यातल्या सरकारी शाळेत गणित शिकवणारा माणूस खोडरबरं जप्त करतो म्हटल्यावर तुम्ही जे म्हणाल तेच मीही म्हटलं होतं. म्हटलं, आला एक विक्षिप्त. आधीच आमच्या शिक्षकखोलीत विक्षिप्तांची काही टंचाई नव्हती.

आमची शाळा हडपसरच्या पुढे, मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्याला. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, अशा बऱ्याच आहेत. मी तिथे सहावी-सातवीला मराठी शिकवते. राहते नारायण पेठेत, म्हणजे शुद्ध बोलण्याचा मक्ता आमच्याकडेच. आणि हे आले यवतमाळकडचे. पोरांना 'पोट्टे' म्हणणारे, 'मला'ला 'मले' म्हणणारे, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'बाप्पा' लावणारे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "अहो सर, आमच्याकडे बाप्पा भाद्रपदात येतो. तुमच्याकडे बारा महिने?" सगळे हसले. तेही हसले. "आमच्याकडे घरचाच हाय तो," म्हणाले, आणि वह्या तपासायला लागले.

त्या वह्या एकदा बघण्यासारख्या होत्या. बघून माझ्या अंगावर काटा आला होता. चुकलेलं गणित खोडलेलं नाही, त्यावर काट मारलेली नाही. पट्टीनं त्याच्याभोवती चौकट आखलेली, आणि समासात सरांच्या अक्षरात दोनच शब्द, 'कसं आलं?' त्याखाली मुलानं आपल्या भाषेत लिहायचं, हे उत्तर कसं आलं. मग खाली तेच गणित पुन्हा. काही पानांवर तर चौकटीच चौकटी.

साक्षीची गोष्ट सांगते म्हणजे लक्षात येईल. साक्षी पाचवीतली. वडील मार्केटात हमाली करायचे, आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी. चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करायचे होते. पोरीनं उत्तर काढलं तीनशे शहात्तर. मी त्या वेळी कसली तरी सही घ्यायला वर्गात गेले होते, म्हणून ऐकलं.

"कसं आलं बाप्पा?"

साक्षी खाली मान घालून उभी.

"मारून राहिलो का मी? मले खरंच माहीत नाही. सांग न."

"दोनातनं आठ जात नाही," साक्षी म्हणाली. "मग आठातनं दोन घालवलं. शून्यातनं सात पण जात नाही. मग सातातनं शून्य घालवलं."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. हे गृहस्थ वर्गाकडे वळून म्हणतात कसे, "ऐकलं का रे? जात नाही हे हिले समजलं. तुम्हा कितीजणांले समजलं? अर्धं गणित झालं हिचं. आता जात नाही तर आणायचं कुठून, एवढंच राहिलं." आणि खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे काढून जमिनीवर बसले. शंभराचा गठ्ठा सोडला की दहा-दहाचे दहा गठ्ठे, त्यातला एक सोडला की दहा सुट्या काड्या. साक्षी बसली मोजत. तो तास संपला तरी ती एकच वजाबाकी चालली होती. मी सही न घेताच परत आले.

पुढे कळलं की त्यांना चुका वाचता येतात. खरंच सांगते, आपण अक्षर वाचतो तशा. नुसतं चुकीचं उत्तर बघायचे आणि सांगायचे, हा गुणाकार उलट्या बाजूनं करतो, हिला चौथीत कुणीतरी घाई केली, ह्याचं गणित बरोबर आहे पण पाढा सोळा सत्तेपाशी अडला. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असते," मला म्हणाले होते, "त्यातून पोट्टं दिसत नाही, बाई."

माझी चूकही त्यांनी वाचली होती. आरोग्य तपासणीचे दिवस होते. शाळेचा पट सातशे दोन, तपासून झालेली मुलं तीनशे पंचेचाळीस, उरलेल्यांची कार्डं मला काढायची होती. मी कागदावर वजाबाकी केली आणि तीनशे सदुसष्ट कार्डं काढली. शेवटी दहा उरली. तीन-तीनदा मोजली, काही केल्या मेळ बसेना. सरांनी माझा कागद ओढून घेतला, पट्टी शोधली, आणि सरळ चौकट आखली! भर शिक्षकखोलीत, वयानं त्यांच्याएवढ्या बाईच्या कागदावर!

"बाई, कसं आलं?"

मी अशी भडकले म्हणता! म्हटलं, मी काय पाचवीत आहे? तर ते शांतपणे म्हणाले, "शतक मोडून दहा दशक केले तुम्ही. त्यातलं एक एककाले देऊन टाकलं. मग नऊ उरले न? तुम्ही दहाच धरून बसल्या. दिलेलं विसरता तुम्ही. चांगल्या माणसाची चूक हाय."

हसूच आलं मला. आणि हसता हसता, आजवर कोणाला सांगितली नव्हती ती गोष्ट मी त्यांना सांगून बसले. मी तिसरीत असताना असंच एक उदाहरण खोडत राहिले. खोडलं, लिहिलं, खोडलं, लिहिलं, शेवटी कागदाला भोक पडलं. आमच्या गुरुजींनी ती वही उचलली, भोक डोळ्याला लावलं आणि त्यातून सगळ्या वर्गाकडे एकेक करत बघितलं. वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून गणित म्हटलं की माझ्या हाताला घाम सुटतो. मराठीची शिक्षिका झाले ती काही केवळ साहित्याच्या प्रेमापोटी नाही.

हे हसले नाहीत. "म्हणजे गणिताले नाही भ्यालात तुम्ही," म्हणाले. "त्या भोकाले भ्यालात."

असा माणूस. आणि ह्या माणसाला दोन्हीकडून जोडे.

गणित कसं शिकवावं यावर आपल्याकडे मत नसलेला माणूस मला दाखवा. आमच्या समोर एक निवृत्त काका राहतात. मी स्कूटर काढली की गॅलरीतून विचारायचे, "काय, आज तरी पाढे घेतले का, की नुसतंच आनंदानं शिकताय? एकोणतीस सत्ते किती, विचारा तुमच्या त्या सरांना. आमच्या वेळी पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ होती." मी सरांना विचारलं. "दोनशे तीन," ते म्हणाले. "पाढे पाहिजेतच न. पाढे नाही आले तर पोट्टं जन्मभर काड्याच मोजते. काकांचं बरोबर हाय." त्यांची मुलं पाण्याच्या नळापाशी रांगेत उभी राहून पाढे म्हणायची, हे काकांनी पाहिलं नव्हतं. "पण पाढा पाठ हाय म्हणून शून्यातून सात कसे जातात हे समजत नाही. दोन्ही लागते, बाई. एका पायावर कोण चालते?"

दुसरीकडे प्रशिक्षणवाले. तुम्ही शिक्षक असाल तर ही प्रशिक्षणं तुम्हाला सांगायला नकोत. पडद्यावर चित्रं, टाळ्या, रंगीत टोप्या आणि गटचर्चा. कोणी एक तज्ज्ञ येऊन सांगतो की पाठांतर म्हणजे मुलांवर अत्याचार. पुढच्या वर्षी दुसरा येतो, म्हणतो पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. आम्ही दोन्ही वेळा टाळ्या वाजवतो आणि चहा पिऊन घरी येतो. अशाच एका प्रशिक्षणात मुलांची पातळी मोबाइलवर कशी भरायची ते दाखवत होते. 'येते' वर टिचकी मारली की नाव हिरवं होतं, 'येत नाही' वर मारली की लाल. सरांनी हात वर केला.

"साहेब, येत नाही ते काऊन येत नाही, हे लिहायले जागा कुठं हाय?"

तज्ज्ञ हसला. "सर, ही प्रणाली आहे. त्यात निबंध लिहायचा नसतो."

"मग ते पाहून कोणी करणार काय?"

"शाळा हिरवी झाली पाहिजे, सर. एवढंच लक्षात ठेवा."

सभागृहात हशा पिकला. मीही हसले. आज त्या हसण्याचीसुद्धा लाज वाटते.

पालकही होतेच. एकदा साक्षीची आई वही घेऊन तरातरा आली. "सर, ही काय वही हाय का? शेजारच्या विंग्लिश शाळेतल्या पोरीची वही बघा, कशी फुलावाणी हाय. आमच्या पोरीची बघावं तर नुस्त्या चौकटी. लोक म्हंत्यात, पोरगी ढ हाय." सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि वहीचं पहिलं पान आणि त्या दिवशीचं पान शेजारी शेजारी धरायला सांगितलं. पहिल्या पानावर सात चौकटी, त्या दिवशीच्या पानावर एक. "ताई, हे सगळं खोडलं असतं तर तुमची पोरगी कुठून कुठं आली, हे तुम्हाले दिसलं असतं का?" बाईनं दोन्ही पानांवरच्या चौकटी बोटानं मोजल्या. जाताना वही पदराखाली धरून गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. टाळत होते, पण आलं पाहिजे.

दिवाळीनंतर वरच्या कार्यालयाची चाचणी आली. छापील उत्तरपत्रिका, दहा उदाहरणं, पेन्सिलीनं सोडवायची. आपल्या वर्गावर आपण थांबायचं नाही, असा नियम. कॉपी होऊ नये म्हणून बरं का! सरांना सातवीवर पाठवलं, आणि त्यांच्या पाचवीवर मी.

चाचणीच्या आधी मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. वाईट नाहीत त्या, आयुष्यभर वरून आलेले कागद खाली दिलेत आणि खालून आलेले वर. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मागच्या वेळी आपण लाल होतो," म्हणाल्या. "या वेळी लाल गेलो तर खुलासा मागतील, मला आणि तुम्हा सगळ्यांना. शेवटच्या पंधरा मिनिटांत उदाहरणं जरा फळ्यावर घ्या. सगळेच घेतायत."

"सरांना माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यांना कशाला सांगायचं? ते तत्त्ववेत्ते आहेत."

मी नाही म्हणू शकले असते. चोवीस वर्षांची माझी नोकरी, मला कोणी फासावर देणार नव्हतं. पण मी 'बरं' म्हटलं. इतकं सोपं असतं ते.

पंधरा मिनिटं राहिली तेव्हा मी फळ्याकडे वळले. मुलांनी आपापली उदाहरणं सोडवून ठेवली होती. मी म्हटलं, "फळ्यावर बघा, तसं लिहा. चुकलं असेल ते खोडा." छत्तीस मुलं माझ्याकडे बघत राहिली. एकजण म्हणाला, "बाई, खोडायचं? सर खोडू देत नाहीत." दुसरी म्हणाली, "बाई, खोडरबर नाय आमच्याकडं." बरोबर. सगळी खोडरबरं डब्यात होती, डबा टेबलावर होता.

मी तो डबा उघडला. माझ्या हातानं बाकाबाकावर जाऊन खोडरबरं वाटली.

मग फळ्यावर एकेक उदाहरण लिहीत गेले. घाई, मागे छत्तीस डोकी, आणि हाताला तो जुना घाम. पाचवं उदाहरण होतं, पाचशे तीन वजा दोनशे सदुसष्ट. मी लिहिलं दोनशे सेहेचाळीस. वर्गात खसाखसा खोडल्याचा आवाज. साक्षी मात्र पेन्सिल धरून तशीच बसलेली. मी तिच्या बाकापाशी गेले. तिनं पानावर हात ठेवला होता.

"काय झालं? लिही ना."

"बाई, माझं वेगळं आलंय."

"मग खोड आणि फळ्यावरचं लिही. वेळ नाही."

तिनं खोडलं.

उत्तरपत्रिका तपासायच्या ज्याच्या त्यानं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर खिडकीपाशी बसले होते. एक उत्तरपत्रिका तिरकी धरून उजेडात न्याहाळत होते. मी डबा खायला बसले.

"बाई," ते म्हणाले, "नऊ उदाहरणं सगळ्यांची बरोबर. आणि एका उदाहरणात छत्तीस पोट्ट्यांची एकच चूक. छत्तीस! दोन पोट्ट्यांची चूक सारखी झालेली मी पाहिली नाही कधी." मग ती उत्तरपत्रिका त्यांनी माझ्यापुढे ठेवली. साक्षीची. दोनशे सेहेचाळीसच्या खाली खोडलेली पेन्सिल दिसत होती. कागद दाबून लिहिणारी पोरगी ती. दोनशे छत्तीस. अगदी बरोबर. आणि शेजारी, अजून लहान अक्षरात, मोडलेल्या गठ्ठ्यांची नऊ आडव्या रेघांची खूण, तीही खोडलेली.

"कसं आलं, बाई?"

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शतक मोडलं, एक दशक दिलं आणि नऊऐवजी दहाच धरून बसलं, अशी चूक त्या शाळेत कोण करतं हे त्या माणसाला माहीत होतं. माझ्या कागदावर त्यानं त्याच चुकीभोवती चौकट आखली होती.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि उत्तरपत्रिका गोळा केल्या.

मोठ्या बाई तर खूश होत्या. "एक चुकलं ते बरंच झालं," मला हळूच म्हणाल्या, "सगळी बरोबर असती तर संशय आला असता. हिरव्यात आहोत आपण."

सरांनी दोन दिवसांनी वर्गाची चाचणी पुन्हा घेतली. तीच उदाहरणं, फळा कोरा, डबा बंद. कोणाला सात आली, कोणाला तीन, साक्षीला नऊ. ते गुण त्यांनी भरले आणि गठ्ठ्यावर लाल पेनानं लिहून दिलं, 'आधीच्या उत्तरपत्रिकांतील उत्तरे मुलांची नाहीत.' शाळा लाल झाली.

आणि मग जे झालं ते लिहिताना अजून माझ्या डोक्यात तिडीक उठते. ज्यांनी उत्तरं पुरवा म्हणून सुचवलं त्यांना कोणी विचारलं नाही. ज्या प्रणालीत 'का' लिहायला जागा नाही, ती कोणी दुरुस्त केली नाही. खुलासा मागितला तो ह्या माणसाला! परवानगीशिवाय चाचणी घेतली. शाळेची बदनामी केली. आणि हे ऐका, मुलांच्या वह्या अस्वच्छ ठेवल्या! वह्यांचे फोटो काढून नेले वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी. एका माणसानं बावीस वर्षं खपून मुलांना चूक दाखवायला धीट केलं होतं, तर त्याच चुका मोजून त्याला दोषी ठरवलं. मूर्खांनो, त्या चौकटी म्हणजेच शिकवणं होतं! पण हे मी तेव्हा नाही ओरडले. आत्ता ओरडते आहे, कागदावर.

"उत्तरं कोणी सांगितली, नाव द्या," साहेब म्हणाले. शिक्षकखोलीत आम्ही सगळे होतो. मी दाराच्या अगदी जवळ उभी होते.

"ज्यानं सांगितलं, तो सांगेल," सर म्हणाले. "माह्याकडून नाही."

साहेबांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. मी पायातल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होते.

पंधरा दिवसांत आदेश आला. त्यांना वर्गातून काढून कार्यालयात माहिती भरायला बसवलं. गणित शिकवणारा माणूस, आणि काम काय, तर बाकी शाळांची हिरवी-लाल नावं संगणकात चढवायची! जायच्या दिवशी वर्गातली मुलं फाटकापर्यंत आली होती. ते माझ्यापाशी थांबले आणि डबा माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं असू द्या, बाई. नवीन सर आले की पोट्ट्यांचे खोडरबर वापस करा." बस, एवढंच. घरी जाऊन डबा उघडला तर खोडरबरांच्या खाली एक चिठ्ठी होती. पाचशे तीन वजा दोनशे सदुसष्ट, बरोबर दोनशे सेहेचाळीस. भोवती पट्टीनं आखलेली चौकट. समासात दोन शब्द.

मी ती चिठ्ठी परत डब्यात ठेवली. पाचवीला नवीन सर आले, तेव्हा खोडरबरं ज्याची त्याला परत केली आणि डबा ठेवून घेतला. मुलांच्या वह्या आता अगदी फुलावाणी आहेत. वार्षिक चाचणीत शाळा हिरवी आली, पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि पर्समध्ये टाकला, तो तिथेच वाळून गेला.

त्या वर्षाच्या शेवटी साक्षीनं मला जिन्यात गाठलं. "बाई, त्या चाचणीत माझं बरोबर होतं ना?"

काय उत्तर दिलं असेल मी? "अगं, ते झालं आता. पुढच्या वर्षाचं बघ." ती 'बरं बाई' म्हणून गेली.

जूनमध्ये कळलं की सर नोकरी सोडून गावी गेले. स्वेच्छेनं, असं कागदावर. स्वेच्छेनं! ते ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं एकदाचं. त्याच दिवशी दोन पानी अर्ज लिहून कार्यालयात दिला. उत्तरं मी सांगितली, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या वर्गात, सगळं. मोठ्या बाई रडल्या, मग चिडल्या, आणि माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. कार्यालयातला माणूस म्हणाला, "बाई, ते प्रकरण बंद झालंय. आता कशाला?" पोच मात्र मी शिक्का मारून घेतली.

मग सरांना फोन लावला. आवाज तोच. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. मी घडाघडा सगळं सांगितलं. माफी मागितली, अर्जाचं सांगितलं, शिक्क्याचंसुद्धा सांगितलं.

"साक्षीले सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कार्यालयाले अगोदर सांगितलं?"

मी हातातली शिक्क्याची पोच उलटी ठेवली.

"त्यांचं उत्तर थोडीच खोडलं होतं, बाई."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून खोडरबरांचा डबा काढला. दुसऱ्या दिवशी सहावीवर माझा तास होता. साक्षी आता सहावीत, दुसऱ्या बाकावर. मी डबा घेऊन वर्गात गेले. मुलांनी तो लगेच ओळखला, कुजबुज सुरू झाली. मराठीचं पुस्तक मिटून ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, पाचशे तीन वजा दोनशे सदुसष्ट, बरोबर दोनशे सेहेचाळीस. खडू दोनदा मोडला. मोठी पट्टी घेतली आणि भोवती चौकट आखली, चारी बाजूंनी.

"हे मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "चाचणीच्या दिवशी, तुमच्या फळ्यावर. हे चूक आहे. साक्षीचं वेगळं होतं आणि ते बरोबर होतं. तिचं बरोबर उत्तर मी खोडायला लावलं."

साक्षी उठली. मला वाटलं, ती आता फळ्याशी येऊन बरोबर उत्तर लिहील. ती जागेवरच उभी राहिली. चौकटीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि ज्या आवाजात ते विचारायचे, जराही न हिणवता, अगदी खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, तिनं विचारलं,

"कसं आलं, बाई?"

दारात आता सर उभे नव्हते. मी खडू खाली ठेवला, हाताचा घाम पदराला पुसला, आणि तिसरीतल्या त्या वहीपासून सांगायला सुरुवात केली.